स्टँड नाही, कॅरिअर नाही!

"मॅम, सीट खाली घेतली की झालं. एकदम परफेक्ट बसेल तुम्हाला."

शोरूममधला मुलगा हे इतक्या कॉन्फिडन्सने म्हणाला, की माझा हात पर्समधल्या कार्डाकडे गेलासुद्धा. समोर मॅट ब्लॅक रंगाची सायकल उभी होती. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, पुढचा फोर्क कार्बनचा, केबल सगळ्या फ्रेमच्या आतून गेलेल्या. एमआरपीवर वीस टक्के ऑफ. शिवाय 'लास्ट पीस'. माझं बजेट पंचेचाळीस हजार आणि डिस्काउंट वजा जाता तिची किंमत अठ्ठावन्न. वरच्या तेरा हजारांसाठी नो-कॉस्ट ईएमआयचा फॉर्मही त्याने टेबलावर ठेवला होता. पेनासकट!

पण त्या फॉर्मकडे जाण्याआधी थोडं फ्लॅशबॅक.

तर झालं असं, की २०२६ च्या जानेवारीत पुण्यात 'पुणे ग्रँड टूर' झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या कॅलेंडरवरची, पाच दिवसांची रेस. मी रस्त्याच्या कडेला उभी होते, हातात कटिंग. आधी पोलिसांच्या गाड्या, मग मोटारसायकली आणि मग तो घोळका. मला वाटलं होतं टीव्हीसारखं काहीतरी दिसेल. दिसलं कमी, ऐकू जास्त आलं. शंभरेक चेनचा एकत्र आवाज, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. काही सेकंदांत सगळे गेले, आणि माझा चहा तसाच हातात. त्याच रात्री मी मित्रांच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं, की तीन महिन्यांनी होणाऱ्या एका हौशी रेसमध्ये मी उतरणार. चाळीस किलोमीटर, महिला खुला गट. ग्रुपवर सतरा हसरे चेहरे आले आणि एक अंगठा. अंगठा आईचा. ती त्या ग्रुपवर कशी आली, हा वेगळा कॉलम आहे.

अडचण एकच, रेस पळायला सायकल लागते.

म्हणजे सायकल होती. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन सेलमध्ये साडेतेरा हजारांना घेतलेली. नावात 'रेसर', चाकांना तारांऐवजी तीन जाडजूड पाती, पुढे-मागे डिस्क ब्रेक आणि सस्पेन्शन. फोटोत काय दिसायची! प्रत्यक्षात ती सतरा किलोंची होती, हे मला ती दुसऱ्या मजल्यावर चढवताना कळलं. सिंहगडाचा घाट उतरताना तिचा मागचा ब्रेक दाबला, तर दांडी थेट हँडलला टेकली आणि सायकल आपल्या मर्जीने पुढे. त्या दिवशी मी डोंगराच्या बाजूला गवतात अंग टाकून थांबले. कोपर सोलवटलं, बाकी ठीक. पण त्यानंतर ती सायकल पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली गेली, ती गेलीच. आता आमचे वॉचमन काका तिच्यावरून दूध आणायला जातात. सपाटीला ती उत्तम चालते म्हणे.

म्हणून या खेपेला चूक करायची नव्हती. फ्रीलान्सर माणसाचे पंचेचाळीस हजार म्हणजे काय, हे महिन्याच्या एक तारखेला 'सॅलरी क्रेडिटेड' असा मेसेज येणाऱ्यांना सांगून कळायचं नाही. एका कंपनीच्या कॉफी टेबल बुकचं काम केलं होतं. सात महिने, अकरा रिमाइंडर आणि अकाउंट्समधल्या तीन वेगवेगळ्या माणसांनंतर ते पैसे आले. ते चुकीच्या सायकलीत गेले असते, तर पुढची संधी थेट पुढच्या वर्षी. आणि खरं सांगू? पुढच्या वर्षी मी रेसचं नावही काढलं नसतं. मी मला ओळखते.

पहिला सल्ला घेतला तो माझ्या एका आयटीवाल्या मित्राचा. त्याला आपण 'कार्बन' म्हणू, कारण तो दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नाही. त्याची सायकल अडीच लाखांची आणि साडेसात किलोंची. त्याने कॉफी मागवली आणि माझी शाळा घेतली.

"हे बघ, गिअरसेटवरून सायकलची जात कळते. शिमानोची शिडी पाठ कर. खालून टुर्नी, मग क्लॅरिस, सोरा, टियाग्रा आणि मग १०५. रेसिंग १०५ पासून सुरू होतं. बाकी सगळी भाजी आणायची वाहनं."

"१०५ वाली केवढ्याला?"

"नवी? लाखाच्या पुढेच."

मी कॉफीचे पैसे त्याला देऊ दिले.

पण शिडी पाठ केली, आणि ती उपयोगी पडली, कार्बनच्या हिशेबाने नाही तर माझ्या. त्याचं सार असं. टुर्नीत बहुतेक वेळा मागे सात दातेरी चकत्या असतात आणि त्या चाकाला आट्याने बसवलेल्या फ्रीव्हीलवर असतात. पुढे काही सुधारायचं म्हटलं, तर चाकच बदलावं लागतं. क्लॅरिसला मागे आठ, सोराला नऊ, टियाग्राला दहा. वर जाल तसं वजन थोडं कमी, गिअर बदलणं जास्त लोण्यासारखं. पण पाय तेच. क्लॅरिसवर तुम्ही हरलात तर १०५ वरही हरालच, थोडं स्मूथली हराल, इतकंच.

बघायची खरी गोष्ट वेगळी आहे. गिअर बदलायचा खटका ब्रेकच्या दांडीतच आहे ना? स्वस्तातल्या काही 'रोड' सायकलींत तो हँडलच्या मध्ये नाहीतर फ्रेमच्या खालच्या नळीवर असतो. घोळक्यात पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर चालवताना एक हात सोडून गिअर बदलायचा म्हणजे आपल्याबरोबर आणखी चौघांना रस्त्यावर घेणं. दुसरं म्हणजे सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, मागे ११ ते ३२, हे नवशिक्यांचं गणित. ३४-३२ वर मिनिटाला साठ पायडल मारली, तर ताशी आठ किलोमीटरने का होईना, घाट चढता येतो, न उतरता. आणि ५०-११ वर मिनिटाला नव्वद मारली तर ताशी पन्नासच्या वर जाता येतं. मी अजून गेलेली नाही. उतारावरसुद्धा.

मग वजन. हा तर राष्ट्रीय ध्यास आहे! शोरूममध्ये येणारा प्रत्येक माणूस सायकल एका हाताने उचलून बघतो, बाजारात कलिंगड बघावं तसं. मीही उचलली. मग घरी येऊन कागद-पेन घेतलं. मी चोपन्न किलो, सायकल अकरा, पाणी-बिणी एक. एकूण सहासष्ट. सिंहगडाचा घाट म्हणजे साधारण नऊ किलोमीटरची चढण, मला सव्वा तासाच्या आत-बाहेर लागतो. सायकल एक किलोने हलकी घेतली, तर वेळ वाचणार दीड टक्का, म्हणजे जेमतेम एक मिनिट. आणि या बजेटमध्ये तो एक किलो कमी करायला दहा-पंधरा हजार मोजायचे. सपाटीवरच्या रेसमध्ये तर तेवढाही फरक नाही, कारण तिथे लढाई हवेशी असते. पुढच्याच्या मागे नीट दडून चालवलं, तर पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते, फुकट. ग्रँड टूरवाल्यांना नियमाने ६.८ किलोंपेक्षा हलकी सायकल चालत नाही. मला सहा वडापाव कमी खाल्ले तरी चालण्यासारखं होतं.

एवढा अभ्यास करून मी त्या शोरूममध्ये गेले होते. आणि तरीही पेनाकडे हात गेला, हे लक्षात घ्या. मॅट ब्लॅक रंगापुढे अभ्यास टिकत नाही.

वाचवलं ते टेस्ट राइडने. पार्किंगमध्ये दोन राउंड मारायचे असतात ना, ते मी हट्टाने बाहेर रस्त्यावर नेले, वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं स्वर्ग. दहाव्या मिनिटाला मान आखडली. पंधराव्याला करंगळीत मुंग्या. ब्रेकच्या दांड्यांपर्यंत पोचायला मला अक्षरशः लोंबकळावं लागत होतं, आणि एका तीव्र वळणावर माझ्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासलं. परत येऊन मी विचारलं, "यात लहान साइझ?" मुलगा म्हणाला, "मॅम, मीडियमच येतं जास्त. लेडीजसाठी हवी तर बास्केटवाली आहे ना."

बास्केटवाली! मी रेसचं सांगितलं होतं त्याला. दोनदा.

माझी उंची पाच फूट दोन इंच. या शहरातल्या अर्ध्या मुलींची असेल. पण रोड सायकल बघायला गेलं, की दुकानात रांगेने उभ्या असतात त्या चोपन्न-छप्पनच्या फ्रेम, पावणेसहा फुटी पुरुषांच्या. मुली रेस पळत नाहीत म्हणून साइझ ठेवत नाहीत, आणि साइझ नाही म्हणून मुली पळत नाहीत. आता यात कोंबडी कोण ते तुम्हीच ठरवा.

मी पेन ठेवलं. 'विचार करून कळवते' म्हणाले आणि निघाले. जाताना पोरगा म्हणाला, "उद्या मिळायची नाही हां मॅम." तीन आठवड्यांनी मी तिथून गेले, तेव्हा ती काचेमागे होती. अजून लास्ट पीसच.

पेठेतल्या एका बोळात एक काका आहेत. दुकान म्हणजे जेमतेम रिक्षा मावेल एवढं. छताला चाकं टांगलेली, भिंतीवर मुंबई-पुणे शर्यतीचे पिवळे पडलेले फोटो. बोरघाटाची चढण पहिल्यांदा पार करणाऱ्याला त्या शर्यतीत 'घाटाचा राजा' म्हणतात. काका स्वतः राजा झाले नाहीत, पण एका राजाची सायकल आपण बांधली होती, असं ते सांगतात. मी माझी कहाणी सांगितली. त्यांनी मान वर केली नाही, हातातलं चाक फिरवत ऐकलं.

"सीट खाली घेतली की झालं म्हणाला?"

"हो."

"पोरी, चप्पल दोन नंबर मोठी असली तर पट्टा आवळून पळता येतं का?"

मग त्यांनी मला बूट काढून भिंतीला पाठ टेकून उभं केलं. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये, सीटवर बसल्यासारखं घट्ट वर ओढायला लावलं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप धरला. त्र्याहत्तर सेंटिमीटर. त्याला ०.६५ ते ०.६७ ने गुणलं, की फ्रेमचा अंदाज, म्हणजे माझ्यासाठी सत्तेचाळीस ते एकोणपन्नास. आणि ०.८८३ ने गुणलं, की पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची, साडेचौसष्ट. हे दुसरं गणित टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जातं, आणि ते पेठेतल्या बोळात पाटीवर खडूने लिहिलेलं बघून मला भरून आलं.

"सीट वर-खाली होते," काका म्हणाले, "मागे-पुढेही होते दोन-तीन बोटं. पण फ्रेमची लांबी होत नाही. हँडल धरणारी ती दांडी आहे ना, स्टेम, ती शंभरऐवजी ऐंशी मिलिमीटरची लावता येते. त्याच्यापेक्षा जास्त ओढाताण करायची नाही. आणि कंपनीचं एस-एम-एल बघूच नको. एकाचं स्मॉल ते दुसऱ्याचं मीडियम. आकडा बघ."

इथे थांबून एक सांगते. काकांनी मला पहिला प्रश्न विचारला होता, तो मी तुमच्यापासून लपवला. "रेसचा फॉर्म वाचलास का?" नव्हता वाचला. वाचला तर त्यात कळलं, की हौशी गटात हायब्रिड आणि एमटीबीवाल्यांसाठी वेगळी वर्गवारी आहे. आपल्याकडच्या पुष्कळ हौशी रेसमध्ये असते. म्हणजे घरी धड अवस्थेतली, दोन्ही ब्रेक लागणारी कोणतीही सायकल असेल, तर पहिली रेस तिच्यावर पळून, आवडतंय का बघून, मग पैसे काढता येतात. माझी वॉचमन काकांकडे गेलेली, म्हणून माझा प्रश्न मिटला. तुमचा मिटलेला नसेल, तर फॉर्म आधी वाचा. त्याच फॉर्ममध्ये हेही होतं, की एकत्र सुटणाऱ्या रेसमध्ये हँडलवर पुढे लावायचे ते एरोबार चालणार नाहीत. शोरूमवाला मला तेही विकत होता, साडेतीन हजारांना.

सत्तेचाळीस ते एकोणपन्नास साइझची नवी, आठ गिअरची सायकल बजेटमध्ये बसत होती, पण मागवावी लागणार होती आणि कधी येईल ते कुणी छातीठोकपणे सांगेना. (२०२५ च्या सप्टेंबरमध्ये सायकलींवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, त्यामुळे नवी घेणाऱ्यांना थोडा दिलासा आहे. जुनं रेट कार्ड दाखवलं तर गप्प बसू नका.) म्हणून मोर्चा सेकंड हँडकडे वळवला. सायकलवाल्यांच्या ग्रुपवर 'उंची पाच-दोन, काही आहे का?' असं टाकलं.

पहिली आली ती कार्बन फ्रेम, चाळीस हजारांत. साइझ मोठीच, पण कार्बन ना! मोह काही सुटत नाही हो. वरच्या नळीवर एक झकास स्टिकर होता. काकांनी खिशातून नाणं काढलं आणि नळीवर ठकठक वाजवत गेले. टक, टक, टक, आणि स्टिकरपाशी थप्प. "पाठव परत," म्हणाले. अ‍ॅल्युमिनियम वाकतं, पोचा येतो, दिसतं. कार्बन आतून सुटलं, तर बाहेरून कळेलच असं नाही, कळतं ते उतारावर. उतारावर कळण्याचा अनुभव माझ्या कोपराला होता.

दुसरी मिळाली औंधात. माझ्याच उंचीची एक इंजिनिअर, जर्मनीला निघालेली. तीन वर्षं जुनी, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, सोराचे गिअर, साधे रिम ब्रेक, साइझ अठ्ठेचाळीस. रंग मात्र आंब्याच्या बर्फीसारखा पिवळा. मॅट ब्लॅकची आठवण काढत मी वीस मिनिटं चालवली, मग चाळीस. करंगळी शांत. मान शांत. ब्रेकच्या दांड्या लहान हातांसाठी स्क्रूने आत घेतलेल्या. घासला नाही बूट कुठे. खरंतर सांगण्यासारखं काही झालंच नाही. चाळीस मिनिटं मी सायकलचा विचारच केला नाही.

ती काकांकडे आणली. त्यांनी आधी फ्रेमखाली कोरलेला नंबर बिलाशी ताडून बघितला, चोरीची तर नाही ना. मग हँडलच्या गळ्याशी आणि पायडलच्या आसाशी, जिथे नळ्या जोडलेल्या असतात, तिथे अंगठ्याने रंग चाचपला. केसाएवढी रेघ असती तर परत. चाकं फिरवून डगमग बघितली. रिमवर ब्रेक घासतो तिथला खळगा शिल्लक आहे का बघितलं, तो बुजला असेल तर रिम संपली. चेनवर पट्टी टाकली, आणि ती खाडकन आत गेली. चेन ताणलेली, तिच्याबरोबर मागच्या चकत्याही झिजलेल्या. मालकीण बत्तीस म्हणत होती. ही चेन दाखवून अठ्ठावीसला तुटलं. तिने वर दोन बॉटल होल्डर दिले आणि जाताना हँडलवरून हात फिरवला. मला उगाचच वाईट वाटलं.

आता उरलेल्या सतरा हजारांचा हिशेब. इथे बहुतेक जण फसतात, कारण ते सगळे पैसे सायकलीत घालतात आणि मग कॉलेजच्या ट्रॅक पँटवर रेसला येतात. चेन आणि मागच्या चकत्या, ३,४००. नवे टायर, ३,६००. जुने तेवीस मिलिमीटरचे होते, मी अठ्ठावीस घेतले. बसतील का, ते काकांनी आधी मोजून घेतलं. पूर्वी बारीक टायर आणि दगडासारखी हवा म्हणजे वेग, असं मानायचे. आता प्रोफेशनलसुद्धा अठ्ठावीस आणि त्याहून रुंद वापरतात, कारण खडबडीत रस्त्यावर कडक टायर उड्या मारतं आणि उड्या मारण्यात वेग जातो. माझ्या वजनाला सत्तरच्या आसपास पीएसआय पुरतात, एकशेवीसची हौस नको. ब्रेक पॅड, नव्या केबल आणि काकांची मजुरी, १,९००. हेल्मेट, २,८००. पॅडवाली शॉर्ट, १,९००, आणि आयुष्यातली सर्वात समाधानकारक खरेदी. ट्यूब, पंप, टायर काढायचे चमचे आणि पंक्चर किट, १,७००. पुढचा-मागचा दिवा, १,२००. एकूण ४४,५००.

राहिले पाचशे. त्यात काका, मी आणि कार्बन, तिघांची मिसळ झाली. रिम ब्रेकवरून कार्बनने नाक मुरडलं. पावसात डिस्क ब्रेक चांगला, हे खरंच. पण स्वस्तातल्या केबलवाल्या डिस्कपेक्षा चांगला रिम ब्रेक हलकाही असतो आणि रस्त्याच्या कडेला बसून मला तो स्वतः नीट करता येतो. क्लिपवाले बूट-पायडल? ते पुढच्या चेकवर. आला तर.

संध्याकाळी सायकल घरी आणली. बाबांनी चष्मा लावला. माणूस वीस वर्षं पिंपरीला सायकलने गेलेला, शिफ्टला. 'अ‍ॅटलस'वर. त्या अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला, ऐन जागतिक सायकल दिनी बंद पडला, तेव्हा ते दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. त्यांनी पिवळ्या सायकलीला एक प्रदक्षिणा घातली.

"स्टँड कुठाय?"

"नसतो बाबा हिला."

"कॅरिअर?"

"नसतं."

"मडगार्ड? घंटी? चेन कव्हर?"

"..."

"आणि केवढ्याला म्हणालीस?"

मी पंचेचाळीस म्हणाले. ते आत गेले आणि पंधरा मिनिटांनी ड्रिल मशीन घेऊन बाहेर आले. बाल्कनीच्या भिंतीत त्यांनी दोन हूक ठोकले. "उभी राहायची सोय नाही म्हणून सायकल जमिनीवर लोळवायची नाही," इतकंच म्हणाले. घंटी मी स्वतःच आणून लावली. पुणं आहे हे.

रेस झाली. पहाटे सहाला, दहा किलोमीटरचे चार राउंड, प्रत्येक राउंडला एक यू-टर्न. मी पहिल्याच यू-टर्नला गंडले. जड गिअरवरच वळले आणि वळल्यावर पायडल फिरेना. तोवर घोळका पन्नास मीटर पुढे. ते पन्नास मीटर एकटीने भरून काढताना कळलं, की पुढच्याच्या मागे दडण्यातली ती तृतीयांश ताकद म्हणजे नक्की काय असते. दुसऱ्या राउंडला तिघी मागे पडलेल्या भेटल्या, मग आम्ही आळीपाळीने पुढे जात चालवलं. एक तास सव्वीस मिनिटं. तेराजणींत नववी. पहिली आलेली मुलगी कॉलेजात आहे. तिच्या सायकलीला क्लॅरिसचे गिअर होते आणि रिम ब्रेक. मी मुद्दाम जाऊन बघितलं. मग कार्बनला बोलावून त्यालाही दाखवलं. तो म्हणाला, "हिला १०५ दिली तर काय करेल ही!" काही माणसं सुधारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकांनी एकच विचारलं, "हाताला मुंग्या?"

"नाही."

"पाठ?"

"नाही. पोटऱ्या गेल्या."

"त्या जायच्याच," म्हणाले आणि चाक फिरवायला लागले.

परवा रविवारी उठले, तर बाल्कनीतले हूक रिकामे. बाबा घरात नाहीत. त्यांना ती साइझ लहान पडते, गुडघे हँडलला लागतात, हे मी त्यांना आकड्यानिशी समजावून सांगितलेलं. पाऊण तासाने घामाघूम होऊन आले.

"अहो, होतात कुठे?" आई.

"काय करू? चहाला थांबावं म्हटलं, तर टेकवायला भिंतच सापडेना. मग चालवत राहिलो."